शिक्षेचं सरपण

लोकांची घरं वणव्यापासून वाचवायची, हे माझं काम. खरं सांगायचं तर घरं घरमालकांपासून वाचवायची. वणवा त्यामानाने समजूतदार असतो. घराभोवती त्याला खायला काही ठेवलं नाही, तर बहुतेक वेळा तो मुकाट पुढे जातो. घरमालकाला मात्र घर तर वाचवून हवं असतं, पण खिडकीला टेकलेलं झुडूप, छपरावर वर्षानुवर्षं साठलेली पाईनची पानं आणि भिंतीला लावून ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची, यातलं काहीही हलवायचं नसतं. ‘‘तुम्ही तुमचं काम करा, फक्त कशाला हात लावू नका,’’ असं एका बाईंनी मला हसतमुखाने सांगितलं होतं. मीही हसतमुखाने मान डोलावली. आमच्या प्रशिक्षणात त्यावर एक अख्खा धडा आहे.

माझ्या हाताखाली सहा जण. वयं अठरा ते तेवीस, म्हणजे कायद्याने सज्ञान. बाकी बाबतींत चर्चा चालू आहे. वसंतात त्यांना गोळा करून सिएरा पर्वताच्या पायथ्याशी आणायचं, करवती आणि कुऱ्हाडी हातात द्यायच्या आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत (आमच्याकडे पाऊस हिवाळ्यात पडतो) सगळ्यांची बोटं शाबूत राहतील असं बघायचं. यातला डॅश समुद्रकिनाऱ्यावरच्या सुखवस्तू घरातला. तो स्वतःला शोधायला आला होता, आणि पहिल्या महिन्यात त्याने स्वतःला सोडून बाकी सगळं हरवलं: हातमोजे, पाण्याची बाटली, एक कुऱ्हाड. टोंगा बेटांवरून आलेल्या घरातला विलियामी दाराएवढा रुंद. दोघांना न उचलणारा ओंडका तो एकटा खांद्यावर टाकायचा आणि त्याखालून सरडा निघाला की ओंडका टाकून पळायचा. तिसरी इत्झेल. खालच्या खोऱ्यात तिचे आईवडील बदामाच्या बागांत काम करायचे. ती बोलायची कमी, आणि बोललेलं खरं करायची. असली माणसं टोळीत घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. फार महागात पडतात.

मी आधी वणवे विझवणाऱ्या टोळीत होते. गुडघा गेला म्हणून इकडे आले. तिकडे चूक केली की जोर काढायला लावायचे. इकडच्या साहेबांनी जोरबैठका बंद केल्या, कारण त्याने मुलांचा अपमान होतो. म्हणून मी ग्लॅडिस आणली. ग्लॅडिस म्हणजे देवदाराचा एक ओंडका. त्याला शाईने डोळे, ओठ आणि भुवया काढलेल्या. जो हातमोजे विसरला, ज्याने हेल्मेट घातलं नाही, ज्याने गाडी तोंड रस्त्याकडे न करता घराकडे करून लावली (आमच्या डोंगरात गाडी नेहमी पळायच्या तयारीत लावायची असते), त्याने दिवसभर ग्लॅडिसला काखेत घेऊन हिंडायचं आणि जेवताना शेजारी बसवायचं. याने कुणाचा अपमान होत नाही. निदान ग्लॅडिसने तरी तक्रार केलेली नाही.

जूनमध्ये आम्ही ऑरिन लंडीच्या घरी पोचलो. एकाच बाजूने आत जाणारा रस्ता, त्यावर शेवटून दुसरं घर. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, जन्मभर लाकडाचे ट्रक चालवलेला, दोन्ही खुबे कामातून गेलेले. गंमत म्हणजे तो काहीही तोडू द्यायला तयार होता. मांझानिताची झुडपं तोडा, ओकच्या खालच्या फांद्या छाटा, कुंपणही काढा म्हणाला. मला संशय यायला हवा होता. घराच्या पुढच्या बाजूला वळलो आणि कळलं. लाकडी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, खिडकीच्या कडेपर्यंत, भिंतीला लागून ओकचं सरपण रचलेलं. आमच्या डोंगरात माणसाच्या बायकोबद्दल बरंवाईट बोललेलं एकवेळ खपतं, त्याच्या सरपणाबद्दल नाही. आणि हे सरपण तर इतकं नेटकं होतं की त्यावर बोट फिरवावंसं वाटावं.

‘‘हे हलवावं लागेल, मिस्टर लंडी,’’ मी म्हटलं. ‘‘भिंतीपासून पाच फुटांत जळेल असं काही नको. एक ठिणगी यात पडली तर घर गेलं.’’

‘‘कुठे हलवणार?’’

‘‘तीस फूट लांब. खाली त्या जुन्या ट्रकपाशी मोकळी जागा आहे.’’

‘‘छान. आणि जानेवारीत मी काय करू? व्हरांड्यात उभं राहून लाकडांना हाका मारू?’’

मी म्हटलं, कुणीतरी शेजारी मदत करेल. शेजारी म्हणजे उन्हाळ्यापुरते येऊन मासे भाजणारे लोक, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

‘‘मार्ला म्हणून माझी लेक आहे, सॅक्रामेंटोला,’’ तो म्हणाला. ‘‘तिने माझ्यासाठी खोली बघून ठेवलीय. खाली गालिचा. बटण दाबलं की गरम हवा. बुधवारी पत्ते आणि शुक्रवारी कुणीतरी येऊन गिटार वाजवतो. आमचा दोघांचा करार झालाय. ज्या वर्षी हिवाळ्याआधी सरपण दाराशी लागलेलं नसेल, त्या वर्षी मी गुपचूप तिच्या गाडीत बसायचं. तर बाई, तुम्ही हे खाली नेलंत की घर राहील. मी नाही राहणार.’’

माझ्याकडे माहितीपत्रक होतं, ते मी त्याला दिलं.

तेवढ्यात मागून इत्झेल म्हणाली, ‘‘पावसाआधी आम्ही परत वर आणून रचू. मी शब्द देते.’’

आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. मोसम संपला की कोण कुठे असेल याचा पत्ता नाही, आणि ही सरकारी शर्ट घालून शब्द वाटत सुटलेली. मी तिच्याकडे डोळे वटारले. तिने ते पाहिलं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं.

‘‘तू कोण?’’ ऑरिनने विचारलं.

‘‘इत्झेल.’’

‘‘शब्द देणारे पुष्कळ पाहिलेत मी. चल, उचल.’’

आम्ही सगळं सरपण खाली नेलं. ऑरिन घडीची खुर्ची घेऊन आमच्या आधी तिथे जाऊन बसला. आम्ही लाकूड ठेवलं की तो हात पुढे करून ते काढायचा, फिरवायचा, पुन्हा ठेवायचा आणि वरून एक थाप मारायचा. सालीची बाजू वर. कडेची लाकडं एक आडवी, एक उभी, म्हणजे रास ढासळत नाही. विलियामीने भोळेपणाने विचारलं, ‘‘जाळायचंच आहे ना शेवटी? मग काय फरक पडतो?’’

‘‘तुझी आई स्वयंपाक करते तेव्हा तिला विचार, शेवटी पोटातच जायचं आहे ना म्हणून,’’ ऑरिन म्हणाला.

सहा जणांनी आणि मी मिळून जेवढी लाकडं ठेवली, त्यातलं एकही त्याने जसंच्या तसं राहू दिलं नाही. माझं लाकूड फिरवताना तर त्याने सुस्कारा टाकला.

ऑगस्टमध्ये पलीकडच्या डोंगराला वणवा लागला. रस्त्यावरच्या सगळ्यांना खाली हलवलं. ऑरिन शाळेच्या व्यायामशाळेत खाटेवर झोपला आणि तिथल्या कॉफीला नावं ठेवत राहिला. वारा फिरला म्हणून आग दुसरीकडे गेली, पण ठिणग्या उडतउडत ऑरिनच्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या. तो परतला तेव्हा आम्ही सोबत होतो. रिकाम्या व्हरांड्यात, भिंतीपाशी, जिथे सरपण असायचं बरोबर तिथे, फळीवर बशीएवढा काळा डाग होता. ठिणगी पडली, तिला काही मिळालं नाही, ती तिथेच मेली. ऑरिनने बुटाच्या टोकाने तो डाग घासून पाहिला आणि विचारलं, ‘‘इथे कॉफी कुणी सांडली?’’ एवढेच काय ते आमचे आभार.

ऑक्टोबर आला. मोसमाचा शेवट जवळ आला आणि इत्झेल माझ्याकडे बघायला लागली. बोलत काही नव्हती, नुसती बघायची. जेवताना, करवतीला धार लावताना, सगळीकडे. शेवटी मी आमच्या साहेबांना, ग्रेडीला, फोन केला.

‘‘रेनाटा, आपल्याला पैसे कशाचे मिळतात?’’ ग्रेडी म्हणाला. त्याला प्रश्नातून शिकवायची सवय आहे.

‘‘घराभोवतीचं जळण कमी करण्याचे.’’

‘‘आणि तू काय करायचं म्हणतेस?’’

‘‘थोडं जळण घराकडे न्यायचं. पाऊस आला की हिवाळाभर दाराशी ठेवायला हरकत नाही. आपल्याच पत्रकात लिहिलंय.’’

‘‘ठेवायला हरकत नाही असं लिहिलंय. आपण नेऊन ठेवावं असं नाही लिहिलेलं. ते काम मी दाखवू कशात? उणे?’’

ग्रेडी दुष्ट नाही. तो फक्त बरोबर असतो, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. वाचवलेल्या घरात राहायला माणूस लागतो, ही बाब कुठल्याच योजनेत बसत नव्हती. सुट्टीच्या दिवशी येऊन करावं म्हटलं, तर आमचा तळ दोन डोंगर पलीकडे आणि गाडी एकच, तीही सरकारी. मी इत्झेलला सांगितलं की जमणार नाही.

‘‘मी शब्द दिलाय,’’ ती म्हणाली.

‘‘मला विचारून दिला होतास का?’’

‘‘नाही. म्हणून तर तुला त्रास देत नाहीये.’’

म्हणजे त्रास द्यायला अजून सुरुवातच झाली नव्हती तर.

शेवटचं काम नेमकं त्याच रस्त्यावर, ऑरिनच्या वरच्या अंगाला असलेल्या घरी निघालं. रोज जाता-येता खाली जुन्या ट्रकपाशी सरपण दिसायचं आणि वर रिकाम्या व्हरांड्यात ऑरिन. तो आम्हाला हात करायचा नाही, आठवण करून द्यायचा नाही. नुसता बसलेला असायचा. एकदा मी त्याला दोन लाकडं काखेत धरून पायऱ्या चढताना पाहिलं. तिसऱ्या पायरीवर तो बराच वेळ कठड्याला धरून थांबला. मग लाकडं तिथेच ठेवून आत गेला. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटायचा मला पगार मिळत नाही, याचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी डॅश हातमोजे विसरला. खरोखरच विसरला, डॅशच्या बाबतीत सोंग करावं लागत नाही. मी ग्लॅडिस आणायला वळले आणि तोंडातून निघून गेलं, ‘‘आज ग्लॅडिस नको. जेवणाच्या सुट्टीत लंडीच्या घरी जा. कवेभर सरपण वर नेऊन ठेव.’’

आमच्या नियमांत असं आहे की चूक करणाऱ्याला अंगमेहनतीचं, समाजोपयोगी काम द्यावं. कोणतं, ते टोळीप्रमुखाने ठरवावं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुधा रस्त्यावरचा कचरा उचलणं असेल.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. विलियामीने सावकाश डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि जमिनीवर ठेवलं.

‘‘अरेच्चा,’’ तो म्हणाला. ‘‘हेल्मेट राहिलंच.’’

त्यानंतर माझ्या टोळीची जी घसरगुंडी सुरू झाली, तिला तोड नाही. सबंध उन्हाळा शिस्तीत वागलेली मुलं, पण एकाला चष्मा सापडेना, दुसरीला कुऱ्हाड कशी धरतात ते आठवेना. इत्झेलने रोज सकाळी गाडी तोंड घराकडे करून लावायचा सपाटा लावला आणि वर ती स्वतःच येऊन मला सांगायची. हे सगळं करवती बंद असताना, सुरू व्हायच्या आत. तेवढी अक्कल त्यांना होती. जेवणाच्या सुट्टीत सहाही गुन्हेगार तोंडात बुरिटो धरून सरपण वाहायचे. व्हरांड्यात ऑरिन प्रत्येक लाकूड फिरवून ठेवायचा, थाप मारायचा आणि म्हणायचा, ‘‘चार महिने झाले, अजून साल कुठली आणि पोट कुठलं कळत नाही.’’

चुका वरती कळवाव्या लागतात. मी प्रामाणिकपणे कळवत होते. ग्रेडीचा फोन आला.

‘‘तुझ्या टोळीला झालंय काय?’’

‘‘मोसम संपत आला ना. पोरांचं लक्ष लागत नाही.’’

‘‘कुणाला इजा वगैरे?’’

‘‘नाही. उलट तब्येती सुधारल्यात.’’

‘‘शिक्षा जरा वाढव मग.’’

‘‘वाढवते,’’ मी म्हटलं, आणि त्या दिवसापासून एका चुकीला दोन कवा सरपण केलं. वरिष्ठांचं ऐकावं.

शेवटच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. खालची रास संपत आली होती आणि व्हरांड्यात खिडकीच्या कडेला पोचायला थोडंच राहिलं होतं. तेवढ्यात एक गाडी वेगात वर आली आणि तोंड घराकडे करून थांबली. पन्नाशीची बाई उतरली. ऑफिसचे बूट, हातात किल्ल्या. तिने विलियामीला हनुवटीपर्यंत लाकडं घेऊन पायऱ्या चढताना पाहिलं.

‘‘बाबा, हे कोण?’’

‘‘गुन्हेगार आहेत,’’ ऑरिन म्हणाला. ‘‘शिक्षा भोगतायत.’’

मार्ला हसली नाही. ती सरळ माझ्याकडे आली. ‘‘तुम्ही यांच्या प्रमुख? हे सरपण त्यांनी स्वतः आणायचं होतं. करार तसा होता. त्यांना जमतंय की नाही, हे मला त्यावरून कळणार होतं. गेल्या हिवाळ्यात ते या पायऱ्यांवर पडले. संध्याकाळपर्यंत थंडीत पडून होते. सांगितलं तुम्हाला?’’

सांगितलं नव्हतं. ऑरिन आभाळाकडे बघायला लागला.

‘‘तुम्ही छान काम केलंत, आता घरी जाल,’’ ती म्हणाली. ‘‘जानेवारीत फोन वाजत राहिला आणि उचलला नाही, की गाडीच्या किल्ल्या घेऊन धावते ती मी.’’

या वेळी माझ्याकडे पत्रकही नव्हतं. आतापर्यंत मी तिला गालिचेवाली, गिटारवाली म्हणून मनात मोडीत काढलं होतं. आता समोर एक घाबरलेली लेक उभी होती, आणि ती बरोबर होती. मला शरम वाटली.

‘‘मॅडम,’’ इत्झेल म्हणाली. ‘‘तुम्ही हेल्मेट न घालता आत आलात.’’

तिचा गळा धरावा असं मला वाटलं.

‘‘काय?’’ मार्ला म्हणाली.

‘‘काम चालू असताना हेल्मेट नसेल तर कवेभर सरपण वर न्यायचं. नियम सगळ्यांना सारखाच आहे.’’

‘‘किंवा मग ग्लॅडिस आहे,’’ डॅश अदबीने म्हणाला आणि त्याने तो ओंडका पुढे केला.

मार्लाने ग्लॅडिसच्या भुवयांकडे पाहिलं. मग इत्झेलकडे. मग किल्ल्या खिशात टाकल्या आणि ऑफिसच्या बुटांनी उतरण उतरत खाली गेली. आम्ही लाकडं उचलायचो तसं तिने उचललं नाही. डावा हात आडवा धरला आणि एकेक लाकूड निवडून त्यावर ठेवत गेली, हनुवटी टेकेपर्यंत. वर आली. गुडघा टेकून तिने ती रचली. साल वर. कडेचं एक आडवं, एक उभं.

ऑरिनचा हात सवयीने पुढे झाला. लाकडांपर्यंत गेला, वरच्यावर थांबला, आणि परत खिशात गेला.

सबंध उन्हाळा मी तो हात पाहिला होता. टोळीतल्या सगळ्यांनी पाहिला होता.

‘‘काय चुकलं?’’ मार्लाने खाली बघतच विचारलं.

‘‘काही नाही,’’ ऑरिन म्हणाला. ‘‘बरोबर आहे.’’

ती उठली आणि पुन्हा खाली निघाली.

‘‘मॅडम, एका चुकीला एकच,’’ विलियामी म्हणाला. दोन कवांची मी त्याला आठवण करून दिली नाही.

‘‘ही दुसरी चूक. गाडी बघ कशी लावलीय,’’ ती वळून न बघता म्हणाली. ‘‘याच रस्त्यावर वाढलेय मी. बाबांनी गाडी शिकवली तेव्हा पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, तोंड रस्त्याकडे.’’

उरलेलं सगळं आम्ही मिळून आणलं. रास खिडकीच्या कडेला लागली. सर्वांत वर विलियामीने ग्लॅडिसला ठेवलं, तोंड दाराकडे करून. देवदार आहे, पेटवणीला बरा, असं ऑरिन म्हणाला, पण तिला हात लावला नाही.

मार्ला बाह्यांवरचा भुसा झटकत माझ्याजवळ आली. ‘‘जूनमध्ये हे परत खाली कोण नेणार?’’

‘‘त्याची काळजी नको. खाली न्यायला योजना आहे.’’

‘‘आणि वर आणायला?’’

‘‘वर आणायला नाही.’’

तिने मान हलवली. मग वडिलांकडे वळली. ‘‘रोज सकाळी मी फोन करणार, बाबा. एक दिवस उचलला नाहीत तर येऊन गाडीत घालीन. आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये सरपण आणायला मी येईन.’’

ऑरिनने रास एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. उतारावर तिची गाडी अजून घराकडे तोंड करून उभी होती.

‘‘ये,’’ तो म्हणाला. ‘‘गाडी अशीच लाव.’’